देव्हाऱ्याच्या खणातल्या गोळ्या

आमच्या घरात संध्याकाळी दिवा लावून झाला की सगळ्यांनी तीर्थ घ्यायचं असे, आणि आई त्या तीर्थाबरोबर गर्भनिरोधक गोळी घेत असे. हे एक वाक्य लिहू लिहू म्हणत मी साठी ओलांडली. आता आईबाबा दोघंही नाहीत, आणि नातेवाइकांपैकी जे रागावले असते त्यांना धड दिसत नाही, त्यामुळे लिहून टाकायला हरकत नाही. बंगळुरात राजाजीनगरातल्या आमच्या, म्हणजे शिल्पकारांच्या, भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला एक सागवानी देव्हारा ठोकलेला होता. त्याला खाली खण. खणात वाती, कापूर, उदबत्त्यांचा पुडा, आणि सगळ्यांच्या मागे फडक्यात गुंडाळलेलं ते पाकीट. मी आणि माझी धाकटी बहीण मंजू डोळे मिटून परवचा म्हणत असायचो तेव्हा खण ओढल्याचा आवाज यायचा, मग पळी भांड्यावर आपटल्याचा, मग एक घोट. काय घेतलंस विचारलं तर आई म्हणायची, "शक्तीची गोळी." मी पी.यू.सी.च्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी मलाही ती शक्ती थोडी मिळावी म्हणून एक गोळी मागितली, तर आईच्या हातातलं तीर्थ सांडलं. "तुला कशाला मेली शक्ती! अभ्यास कर," म्हणाली आणि दोन दिवस माझ्यावर नजर ठेवून होती.

गोळ्या देवाजवळ ठेवायची युक्ती बाबांची. आई विसराळू. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणारी बाई ती. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला बजावलं होतं की गोळी रोज, एकाच वेळी, न चुकता. बाबा सरकारी कारखान्यात टूलरूमला होते, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माणसांशी भांडायचा त्यांना पगार मिळे. त्यांनी विचार केला की या बाईच्या आयुष्यात न चुकता होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दिवा. "यंत्राला इंटरलॉक असतो तसं करायचं," ते म्हणाले असणार, कारण ते सगळंच तसं म्हणत. "झाकण लागल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, तसं गोळी घेतल्याशिवाय दिवाबत्ती पुरी झाली असं समजायचंच नाही." महिन्याचे चार दिवस आई देवाला शिवत नसे, पण पाकीट संपून गोळ्यांना सुट्टी असायची तीही त्याच सुमारास, त्यामुळे धर्म आणि विज्ञान यांचं आमच्या घरी आठ वर्षं उत्तम जमलं.

आम्ही वरच्या मजल्यावर, घरमालक खाली. घरमालकीण रुक्मिणीअक्का. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बंगळुरात आले, असं त्या सांगत. आम्ही आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून आलो होतो. त्यांची मराठी निम्मी कानडी, आमची पुणेरी. पहिल्या वर्षी आई त्यांना नाक मुरडायची आणि त्या आईला. मग अवरेकाईच्या, म्हणजे तिकडच्या पावट्याच्या, शेंगांनी दोघींना एकत्र आणलं. थंडीत अक्कांच्या अंगणात त्या शेंगांचा ढीग पडायचा, सोलून, भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून उडवायचा, आणि त्या वासात दुपारभर बायकांनी बसून जगातल्या झाडून सगळ्या गोष्टी बोलायच्या. तिसरी गंगम्मा, जी अक्कांकडे आणि आमच्याकडे भांडी घासायची. ती पायरीवर बसायची, अक्का खुर्चीवर आणि आई मधे चटईवर. मी आत खिडकीशी फिजिक्स उघडून बसलेली. फिजिक्समध्ये मला पुढे जे मार्क मिळाले त्याला त्या शेंगा जबाबदार आहेत, पण बाकीचं माझं शिक्षण त्या खिडकीतच झालं.

त्या शिक्षणातून सतराव्या वर्षी माझा एक सिद्धांत तयार झाला. घरात सामान काय आहे ते मला सांगा, मी त्या घरातलं कुटुंब नियोजन सांगते. अक्कांकडे मोटार, फोन आणि फ्रिज, अक्कांना तांबी. खाजगी नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाईंकडून बसवलेली, ठरलेल्या मुदतीने बदलायची, आणि बदलायला जाताना ड्रायव्हरला गाडी काढायला सांगायची. "त्यात काय आहे गे, येताना मल्लेश्वरमला दोसा खाऊन येते मी," अक्का सांगायच्या, जणू बांगड्या भरायला गेल्या होत्या. आमच्याकडे स्कूटर, रेडिओ आणि हप्त्यावरचा मिक्सर. आमच्याकडे दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या गोळ्या. त्याआधी बाबा निरोध आणत, तेही फुकटच, पण आईचं मत असं की ते सायकलच्या ट्यूबमधून उरलेल्या रबराचे करत असावेत. हे ऐकून अक्का इतक्या हसल्या होत्या की दाणे सांडले. बाबांच्या कारखान्याच्या बसमधल्या बाकीच्या साहेबांकडे दोन मुलं झाली की बायकोचं ऑपरेशन, कारण कारखाना त्याबद्दल पगारात एक जादा वाढ देत असे. टाके बायकोला आणि वाढ नवऱ्याला, ही व्यवस्था कुणालाही विचित्र वाटत नव्हती. आणि गंगम्माकडे एक ट्रंक आणि एक चूल. तिचं ऑपरेशन बाविसाव्या वर्षीच झालेलं. ती त्याबद्दल बोलत नसे, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

माझा हा सिद्धांत मी अजून मागे घेतलेला नाही. आता मी राहते त्या येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये माझी भाची येते तेव्हा फोनवर बोट फिरवून दहा मिनिटांत हवं ते घरपोच मागवते, नवऱ्याशी चर्चा करते, डॉक्टर बदलते, पद्धत बदलते. माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी सविता पंचवीस वर्षांची आहे, आणि तिचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय. विचारलं तर म्हणाली, "आमच्यात तसंच असतं आंटी." वरून हवाई दलाचं विमान गेलं, आम्ही दोघी ते जाईपर्यंत थांबलो, आणि मग ती कांदा चिरायला लागली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कराडचे एक चुलत आजोबा वारले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आईने लग्नात एकदा पाहिलं होतं, बाबांना त्यांच्या मिशा आठवत होत्या. पण तार आली, आणि तार आली म्हणजे दहा दिवसांचं सुतक आलं. देव्हाऱ्यावर पांढरा पंचा टाकला गेला. दिवा बंद, पूजा बंद, देवाच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. आई या बाबतीत भारी कडक. कराडच्या त्या मिशांसाठी तिने दहा दिवस खण उघडला नाही, आणि दिवा नाही म्हणून गोळीची आठवण तिलाही झाली नाही आणि इंटरलॉक बसवणाऱ्या इंजिनियरलाही नाही. सुतकात देवाला शिवायचं नाही हा एक नियम आमच्या घरी काटेकोर पाळला गेला. बाकीचे नियम पाळले गेले नाहीत हे पुढे उघडच झालं. की सुतक फिटल्यावर लगेच झालं कोण जाणे. मी तारखांच्या फंदात पडले नाही. ते माझे आईबाप होते.

दीड-एक महिन्याने अक्कांनी नेहमीसारखी वर कॉफी पाठवली, गंगम्माने पेला आईसमोर धरला, आणि आई तोंडावर पदर दाबून मोरीकडे पळाली. गंगम्माने पेला खाली ठेवला, आईच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. मला त्याच क्षणी सगळं समजलं. सतरा वर्षांच्या मुलीला आपली आई गरोदर असल्याचं कळणं यासारखी लाज जगात नाही. कॉलेजात कळलं तर मी काय सांगणार होते? माझे आईबाप रात्री झोपत नाहीत असं? आज हसू येतं, पण तेव्हा मी दोन दिवस आईशी बोललेच नाही, आणि बाबांच्या ताटात पोळी लांबून टाकली.

माझी लाज तिसऱ्या दिवशी पळाली, कारण आई डॉक्टरीणबाईंकडून परत आली आणि अक्कांच्या ओसरीवर बसून रडायला लागली. आईला दमा होता. मंजूच्या वेळीच ती जाता जाता वाचली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मूल ठेवणं तुमच्या जिवाला बरं नाही, आत्ता मोकळं करता येईल, त्याला पूर्ण भूल लागणार नाही. पण पुन्हा असं होऊन चालणार नाही. गोळ्या तुमच्याच्याने होत नाहीत हे दिसलंच. तांबी तुम्हाला सोसणार नाही. कायमचं ऑपरेशन करायचं तर पोट उघडावं लागेल, पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि या छातीला मी ती देऊ धजत नाही. "तुमच्या मिस्टरांना पाठवा. त्यांचं पंधरा मिनिटांचं काम आहे. भूलसुद्धा तेवढ्यापुरती."

"सरी, बरं, मग रडते कशाला गे? पाठव की," अक्का म्हणाल्या.

"तुम्हाला हे माहीत नाहीत," आई म्हणाली.

पुढचे चार दिवस आमच्या घरी जे भांडण चाललं ते मी जसंच्या तसं सांगू शकते, कारण ते स्वयंपाकघरात होत होतं आणि मधे फक्त एक पडदा होता. बाबा वाईट नव्हते हो. बायकोवर हात उचलणं दूरच, आवाजही चढवत नसत. कांदा चिरून देत, आमच्या वेण्या घालत. पण या एका गोष्टीत गडी असा काही अडून बसला की काय सांगू.

"अगं, माझं वजन उचलायचं काम आहे. नंतर अशक्तपणा येतो म्हणतात."

"तुम्ही मायक्रोमीटर उचलता."

"बसमधल्या साठ्यांच्या मेव्हण्याने केलं, त्याची कंबर गेली कायमची."

"साठ्यांच्या मेव्हण्याला काम न करायची सवय पहिल्यापासूनच आहे. कंबर आयती सापडली त्याला."

"बसमध्ये कळलं तर? तुला कल्पना नाही माणसं काय काय बोलतात."

"आणि मी गेले तर बसमध्ये काय बोलतील? दोन मिनिटं उभी राहतील, झालं."

मग कुकरची शिट्टी झाली. मग बाबा खूप हळू म्हणाले, "तसं नव्हे गं. पण कायमचंच म्हणजे... दोन्ही मुलीच आहेत आपल्याला, तर..."

"म्हणा. पुढे म्हणा," आई म्हणाली.

बाबांनी कुकर उतरवल्याचा आवाज आला. आईचा आवाज मात्र असा थंड झाला की मी पडद्याआड पुस्तक मिटलं. "असं करा, मला टाका त्या टेबलावर. मेले तर दुसरी करा. तिच्याकडून मुलगा करून घ्या. फक्त दमा नाही ना तेवढं आधी बघून घ्या." मंजू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. ती आणि मी मिळून "दोन्ही मुलीच" होतो. बाबांनी ते शब्द पुन्हा कधी काढले नाहीत आणि पुढे ते आमच्या शिक्षणासाठी झिजले, हे सगळं खरं. पण मी त्यांना त्या वाक्याबद्दल माफ केलं असं म्हणणार नाही. वारले तेव्हाही केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गंगम्मा आमच्या ओट्याशी मसाल्याच्या मिरच्या परतत होती. एरवी आई त्या वेळी गच्चीवर जायची, पण त्या दिवशी तिला जिना चढवेना. मिरच्यांचा खाट उठला आणि आईचा श्वास अडकला. दम्याचे झटके आम्ही पाहिलेले होते, पण हा वेगळाच होता. ती ओटा धरून उभी होती, खांदे वर-खाली होत होते आणि आत हवा जातच नव्हती. ओठ निळसर. गंगम्माने तवा तसाच मोरीत टाकला, खिडक्या उघडल्या, आईला पाठीमागून धरलं. मी खाली अक्कांच्या फोनकडे धावले. तेवढ्यात नाक्यावर कारखान्याची बस हॉर्न वाजवायला लागली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि बाबा हातात डबा घेऊन खोलीच्या मधोमध नुसते उभे. त्यांना बसमध्ये जायचं नव्हतं, हे आज मला कळतं. त्यांना काय करावं तेच सुचत नव्हतं. बस गेली. अक्कांच्या ओळखीचे डॉक्टर आले, सुई टोचली, आणि अर्ध्या तासाने आई भिंतीला टेकून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "तवा जळला का गं?"

बाबा स्कूटर काढायला खाली आले तेव्हा मी जिन्यात त्यांची वाट अडवली. "बाबा, आई गेली ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. आणि ती कशाने गेली ते मी त्या बसमध्ये चढून एकेकाला सांगेन." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ते "बाजूला हो, वासू," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुपारी साडेबाराला स्कूटर परत आली. बाबा कारखान्यातून दुपारी घरी आले असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. साठेकाकांनी नंतर सांगितलं की त्या सकाळी बाबांनी एक जॉब बिघडवला, उभ्या आयुष्यातला पहिला, आणि तो भंगारात टाकून अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली. ते वर आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि आईकडे न बघता म्हणाले, "अक्कांच्या डॉक्टरीणबाईंना विचार, त्यांच्याकडे माझं पण करतात का. कारखान्याच्या दवाखान्यात मी जाणार नाही." आईने ताट वाढलं आणि भातावर तूप जरा जास्तच घातलं.

दोघांचं एकाच दिवशी, एकाच नर्सिंग होममध्ये झालं. अक्कांची मोटार, पुढे अक्का, मागे आई, बाबा आणि मधे मी, आणि कुणाचं काय होणार आहे ते सगळ्यांना माहीत. डॉक्टरीणबाईंचे यजमान सर्जन होते, बाबांचं ते करणार होते. बाबांनी त्यांना विचारलं, छेद किती मिलिमीटरचा? ते म्हणाले, सेंटिमीटरभर. बाबा म्हणाले, टॉलरन्स किती, म्हणजे किती कमी-जास्त चालेल? सर्जनांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तुम्ही आडवे व्हा, मी काळजी घेतो. हे मला बाबांनीच सांगितलं, फार वर्षांनी, आणि सांगताना त्यांना तेव्हाही वाटत होतं की त्यांचा प्रश्न बरोबर होता. आई मात्र परत येताना मोटारीत खिडकीबाहेर बघत रडली. "पोटात काय होतं कोण जाणे," एवढंच म्हणाली. बाबांनी तिचा हात धरला. अक्का मुद्दाम ड्रायव्हरशी कानडीत मोठमोठ्याने पेट्रोलबद्दल बोलत राहिल्या.

आता आली गंमत. आई इस्पितळात जाऊन आल्याचं मराठी मंडळात कळलं, आणि "ऑपरेशन" एवढाच शब्द पोचल्यावर बाकीचं मंडळाने स्वतःच ठरवलं. दोन मुलं, इस्पितळ, आराम, म्हणजे दुसरं काय असणार! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साठेकाका आणि साठेकाकू शिऱ्याचा डबा घेऊन हजर. मागोमाग आणखी दोन बायका. आई पलंगावर, पांघरूण घेऊन, खरोखरच थकलेली. आणि बाबा, अक्कांच्या यजमानांची चौकड्यांची लुंगी नेसून, पाय फाकून, एकेक पाऊल मोजत चहाचा ट्रे घेऊन येतायत. आयुष्यात लुंगी न नेसलेला माणूस तो. मी आणि मंजू दाराआड तोंडात ओढणी कोंबून उभ्या.

"बघा, बघा! याला म्हणतात नवरा," साठेकाकू म्हणाल्या. "माझं झालं तेव्हा आमचे हे तिसऱ्या दिवशी विचारत होते, आमटी कधी करतेस."

"नशीब काढलंत हो वहिनी," दुसरी म्हणाली. "पण दोन मुलींवर थांबलात ते मात्र धाडसच म्हणायचं. यांना चालेल का, ते विचारलंत तरी?"

बाबांनी ट्रे टीपॉयवर टेकवला. आई पांघरुणाचं टोक पिळत होती. तेवढ्यात साठेकाका पुढे झाले, बाबांच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि म्हणाले, "काय शिल्पकार! आता जादा वाढ नक्की. पेढे कधी? आणि ते टीपॉय जरा इकडे उचलून घ्या हो, वहिनींना हात लांब करावा लागतोय." बाबा वाकले. टीपॉय शिसवी, जड. अर्ध्यावर उचललं आणि त्यांचा चेहरा लिंबासारखा पिवळा झाला, पण पठ्ठ्याने तोंडातून हूं का चूं काढलं नाही.

आई पांघरूण फेकून उठली. "ठेवा ते खाली आधी! टाके तुटतील. बसा इथे." आणि मंडळाकडे वळून म्हणाली, "ऑपरेशन यांचं झालंय. माझं नाही. मला भूल सोसत नाही म्हणून यांनी करून घेतलंय. आणि हो, दोन मुलींवर. त्यांना चालतंय."

साठेकाकूंचा चमचा शिऱ्यातच राहिला. साठेकाका बाबांकडे बघत होते, आणि बघू नये तिथे बघत होते. बाबा पलंगाच्या कडेवर अगदी सावकाश टेकले, लुंगी नीट केली, कुणाकडेही न बघता म्हणाले, "पंधरा मिनिटं लागतात. पेपर वाचून होत नाही तेवढ्यात." मग साठेकाकूंनी मान वळवून आपल्या यजमानांकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. त्या बघण्याने साठेकाकांना चहा पिववेना. मंडळ दहा मिनिटांत उठलं. पुढे आठवडाभर बसमध्ये बाबांच्या शेजारची जागा रिकामी राहिली, जणू ते लागण होणारं दुखणं होतं. मग हळूहळू एकेक जण हळू आवाजात विचारायला लागला, दुखतं का हो फार? सर्टिफिकेट देऊन बाबांनी जादा वाढही घेतली. लपवायचं काही उरलंच नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. पाहुणे गेल्यावर गंगम्मा मागच्या नळावर कपबशा घासायला बसली. नऊ वर्षं आमच्या घरात राबून तिला मराठी पुरती कळत होती, तिने सगळं ऐकलं होतं. आई तिच्यासाठी शिरा घेऊन गेली, मी मागोमाग. गंगम्मा एकटीच हसत होती, राखेचा हात तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सार कसे चालत होते अम्मा! बदकासारखे!" आईही हसली, पोट धरून हसली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. मग गंगम्माचं हसू ओसरलं.

"अम्मा, सारना जा म्हणून तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"आणि ते नाही म्हणाले?"

"चार दिवस नाहीच म्हणत होते. चार दिवस भांडलो आम्ही. ऐकलंस ना तू."

"चार दिवस," गंगम्मा म्हणाली आणि हातातली बशी तशीच धरून बसली. "आमच्या गल्लीत सकाळी गाडी आली. बायकांनी चढायचं म्हणाले. शाळेत नेलं, बाकावर निजवलं, संध्याकाळी परत आणून सोडलं. एक पाण्याचं भांडं दिलं आणि थोडे पैसे. ते पैसे नवऱ्याने घेतले." हे सगळं ती कानडीत, बाजाराचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. "मी बावीस वर्षांची होते. माझ्या नवऱ्याचं का नाही, असं मला वाटलंसुद्धा नाही अम्मा. आज तुमचं ऐकून वाटलं."

आई नळाशी बसली. तिला खाली बसायला डॉक्टरीणबाईंनी मनाई केली होती. ती गंगम्माच्या हातातली बशी घेऊन विसळायला लागली, गंगम्मा "बेडा अम्मा, बेडा," म्हणत नको नको करत राहिली, पण आईने सोडली नाही. मला इतकी शरम वाटत होती की मी तिथून जाऊ शकत नव्हते आणि थांबूही शकत नव्हते. नऊ वर्षं शेंगा सोलताना आम्ही त्या बाईसमोर तांबी आणि गोळ्या आणि सायकलच्या ट्यूबवर हसलो होतो. बशी विसळून झाल्यावर आईने विचारलं, "तुला तेव्हा आणखी मूल हवं होतं का गं?"

गंगम्माने खरंच विचार केला. तोंड जरा उघडं, कपाळाला आठी, नळ वाहतोय.

"माहीत नाही अम्मा," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नव्हतं." मग तिने नळ बंद केला, कप एकेक करून पालथे घातले आणि अक्कांकडची भांडी राहिली होती म्हणून खाली गेली.